अग्नी, वायू, पर्जन्य आणि एकविसावा मजला

चौलच्या रामेश्वराच्या देवळात तीन कुंडे आहेत: अग्निकुंड, वायुकुंड आणि पर्जन्यकुंड. एरवी ती झाकलेली असतात. पावसाने फारच ओढ दिली तर पर्जन्यकुंड उघडायचे, अशी गावाची जुनी रीत. लहानपणी आम्ही मुले आजोबांना विचारायचो, "मग अग्निकुंड कधी उघडतात?" आजोबा म्हणायचे, "ते उघडायची वेळ येऊ नये म्हणूनच झाकलंय."

मी त्या गावचा. चौतीस वर्षे रायगड जिल्ह्यातल्या शाळांत विज्ञान शिकवले. ज्वलनाला इंधन, प्राणवायू आणि उष्णता लागते, हा त्रिकोण फळ्यावर किती वेळा काढला असेल त्याची गणती नाही. तरीही उंच इमारतीत आग म्हणजे काय, हे मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कळले, तेही स्वतःच्या चुकीमुळे. त्या चुकीपासूनच सुरुवात करतो.

मुलगा आणि सूनबाई मध्य मुंबईत, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका इमारतीत एकविसाव्या मजल्यावर राहतात. पावसाळा संपला की आम्ही दोघे मांडव्याहून लाँच पकडतो आणि तीन-चार महिने त्यांच्याकडे राहतो. चौलच्या वाडीतल्या माणसाला बंद घरात गुदमरल्यासारखे होते. लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेतून जिन्याकडे जाणारा एक जड दरवाजा होता, आपोआप मिटणारा. तो उघडा ठेवला की जिन्यातून झकास वारा यायचा. सूनबाईंना हौस म्हणून आम्ही चौलहून पाटा-वरवंटा नेला होता. वाटण मिक्सरवरच होत असल्यामुळे वरवंटा रिकामाच होता. तो मी त्या दरवाजाला लावला. रोज संध्याकाळी तिथे खुर्ची टाकून पेपर वाचायचो. मजल्यावरच्या लोकांनाही वारा आवडला. कोणी हरकत घेतली नाही.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या उकाड्यात एका रात्री अकराच्या सुमारास तेराव्या मजल्यावरच्या एका घरात एसीच्या वायरिंगने पेट घेतला. घरातली माणसे बाहेर पळाली आणि घाईत दार सताड उघडे राहिले. त्या मजल्यावरचा जिन्याचा दरवाजाही कुंडी लावून उघडा ठेवलेला होता. धूर जिन्यात शिरला आणि वर चढला. वाटेतले जे दरवाजे मिटलेले होते त्यांच्यापाशी तो थांबला. आमचा उघडा होता.

मुलाने दार किलकिले केले आणि लगेच लोटले. "बाबा, बाहेर काही दिसत नाहीये." आम्ही आतच राहिलो. ओले टॉवेल दाराच्या फटीला लावले. समोरच्या घरातल्या काकू पंच्याहत्तरीच्या, एकट्या. त्या घाबरून बाहेर आल्या आणि लिफ्टपाशीच कोसळल्या. अग्निशमन दलाच्या जवानांनी त्यांना उचलून नेले. नऊ दिवस त्या रुग्णालयात होत्या. वाचल्या, पण त्यांचा श्वास अजून पुरता सुधारलेला नाही. आग मात्र तेराव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या पलीकडे गेलीच नव्हती.

आठ मजले खाली लागलेल्या आगीने आमच्या मजल्यावरची बाई मरता मरता वाचली, आणि त्या दोघींच्या मधली वाट माझ्या वरवंट्याने उघडी ठेवली होती. हे मी काकूंना सांगितले. त्या म्हणाल्या, "मलाही वारा आवडायचा हो." त्यानंतर दोन वर्षे मी या विषयावर जे मिळेल ते वाचले, जाणत्या लोकांना विचारले, इमारतीचा मजला न् मजला पायी फिरलो. त्यातून जे उमगले ते इथे मांडतो. मांडणीला आमच्या रामेश्वराची तीन कुंडेच सोयीची वाटतात.

पसरणारी आग आणि चढणारी आग

आमच्या गावात गोठ्याला किंवा पेंढ्याच्या उडवीला आग लागली की आरडाओरडा होतो आणि आळी धावते. कोणी विहिरीवरून कळशा भरून आणतो, कोणी ओल्या झावळ्यांनी झोडपतो, कोणी शेजारच्या गोठ्यातली जनावरे सोडतो आणि मधला पेंढा ओढून दूर करतो. यात दोन गोष्टी गृहीत असतात. घरातल्या माणसाला दोन पावलांत अंगणात येता येते, आणि विझवणाऱ्याला चहूबाजूंनी जवळ जाता येते.

जुन्या शहरांची आगही अशीच आडवी पसरायची. १८०३ साली मुंबईच्या कोटात लागलेल्या आगीने वस्तीचा मोठा भाग खाल्ला. त्यानंतर इंग्रजांनी तटाबाहेरचे मैदान वाढवले आणि वस्ती बाहेर वसवली. आडव्या आगीवर उपाय आडवाच असतो: मध्ये अंतर सोडायचे.

उंच इमारतीत हे दोन्ही हिशेब चुकतात. राष्ट्रीय बांधकाम संहितेत १५ मीटर किंवा त्याहून जास्त उंचीची इमारत ‘उंच’ धरली जाते. म्हणजे पाच मजल्यांपासूनच हा विषय सुरू होतो. मुंबई अग्निशमन दलाकडे ९० मीटरपर्यंत पोहोचणारी शिडी आहे. साधारण तीस मजल्यांची उंची झाली. पण तिचे वाहन उभे करायला, त्याचे पाय पसरायला मोकळी आणि भक्कम जागा लागते. खाली पार्किंगचे चार मजले बाहेर आलेले असतील, फाटकाशी मोटारी लावलेल्या असतील, तर कागदावरचे ९० मीटर प्रत्यक्षात फारच कमी उरतात. शिवाय मुंबईतल्या कितीतरी इमारती आता त्याहूनही उंच आहेत.

थोडक्यात, उंच इमारतीतली आग बाहेरून विझत नाही. ती आतूनच विझवावी लागते, आणि जवानांना आत न्यायला तसेच माणसांना बाहेर आणायला एकच भरवशाची वाट असते, ती म्हणजे जिना. बाकी सगळी यंत्रणा एका अर्थाने हा जिना राखण्यासाठी असते.

अग्निकुंड

पहिला नियम असा, की आग जिथे लागली तिथेच कोंडायची. उंच इमारत म्हणजे एकावर एक ठेवलेल्या बंद पेट्या, अशी कल्पना करा. काँक्रीटची भिंत आणि छत काही तास टिकते. कमकुवत जागा म्हणजे भोके: दार, खिडकी आणि वायरी-नळ वर नेणारे उभे पोकळ मार्ग, ज्यांना आपण डक्ट म्हणतो. विजेच्या डक्टला प्रत्येक मजल्यावर न जळणाऱ्या पदार्थाने बूच मारलेले हवे. मग इंटरनेटवाला येतो, बूच फोडून वायर टाकतो आणि भोक तसेच ठेवून जातो. पाच वर्षांत तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सरळ धुराडे तयार होते. आमच्या इमारतीत मी डक्टची दारे उघडवली तेव्हा बहुतेक मजल्यांवर खालचा उजेड दिसत होता. दोन मजल्यांवर त्यातच झाडू, रद्दी आणि रंगाचे डबे ठेवलेले होते.

आगीचे कारण बहुतेक वेळा वीज असते. घर बांधताना धरलेला भार एक आणि आज त्याच वायरीवर चालणारे तीन एसी, गिझर, ओव्हन, स्कूटरची बॅटरी हा भार दुसरा. वायर तापत राहते आणि तिचे आवरण हळूहळू ठिसूळ होते. एमसीबी सारखा पडतो म्हणून जास्त अँपिअरचा बसवून घेणे म्हणजे राखणदार भुंकतो म्हणून त्याला बाहेर हाकलणे.

इंधन घरातच असते असे नाही. ६ ऑक्टोबर २०२३च्या पहाटे गोरेगावच्या एका पुनर्वसन इमारतीत आग लागली. तळाच्या पार्किंगमध्ये वाहने होती आणि कापडाच्या चिंध्यांचा साठा होता. किमान सात माणसे गेली. वर झोपलेल्यांच्या घरात काहीच पेटलेले नव्हते. उतरायची वाट जिथे संपते, तिथेच खाली आग होती.

कधी इंधन इमारतीच्या अंगावर चढवलेले असते. लंडनच्या २४ मजली ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ रोजी चौथ्या मजल्यावरच्या फ्रीजपाशी आग लागली. एका स्वयंपाकघरापुरती राहू शकणारी ती आग खिडकीतून बाहेर गेली, आणि इमारत देखणी दिसावी म्हणून बाहेरून लावलेल्या ज्वलनशील पत्र्यांवरून वर धावली. ७२ माणसे मेली. हाँगकाँगच्या ताई पो भागातल्या वाँग फुक कोर्ट या वसाहतीत २६ नोव्हेंबर २०२५ला तेच वेगळ्या रूपाने घडले. आठ इमारतींची दुरुस्ती चालू होती. सभोवती बांबूची परांची, त्यावर जाळी आणि खिडक्यांना थर्मोकोलसारख्या फोमच्या पाट्या होत्या. आठांपैकी सात इमारती पेटल्या आणि दीडशेहून अधिक माणसे गेली.

परांची आणि हिरवी जाळी आपल्याला नवी नाही. मुंबई, ठाणे, पुण्यात दर चार इमारतींमागे एखादी या वेषात उभी असते. हा अंक हातात असेल तेव्हा बाहेर रॉकेट उडत असतील. तुमच्या इमारतीला जाळी असेल, तर ती आग न पकडणाऱ्या प्रकारची आहे का, एवढा प्रश्न ठेकेदाराला विचारायला संकोच नको.

वायुकुंड

आगीत मरणारी बहुतेक माणसे जळून मरत नाहीत, धुराने मरतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला आधी गोंधळल्यासारखे होते, मग पाय चालत नाहीत. समोरच्या काकू लिफ्टपाशी कोसळल्या त्या यामुळेच. २९ डिसेंबर २०१७ला कमला मिलमधल्या गच्चीवरच्या उपाहारगृहाच्या आगीत १४ जण गेले. त्यांतले अनेकजण आगीपासून दूर म्हणून स्वच्छतागृहात शिरले होते. आग तिथे पोहोचायच्या आधी धूर पोहोचला.

गरम हवा हलकी असते आणि वर जाते, हे मी सातवीच्या वर्गाला मेणबत्तीवर कागदाचे भिरभिरे फिरवून दाखवायचो. जिना म्हणजे तेच, साठ-सत्तर मीटर उंचीचे. आडवा पसरताना धूर माणसाच्या चालीहून हळू असतो. पण उभ्या पोकळीत तो सेकंदाला काही मीटर चढतो. तेरावा ते एकविसावा हे अंतर सुमारे २४ मीटर. धुराला ते मिनिटाच्या आत चढता येते. आमच्या दत्ताच्या डोंगराला सातशेच्या आसपास पायऱ्या आहेत. जत्रेत तरणी पोरेसुद्धा मध्ये दोनदा टेकतात. एकविसाव्या मजल्यावरून खाली यायला चारशेच्या आसपास पायऱ्या होतात. त्या अंधारात, घाबरलेल्या माणसांच्या गर्दीत आणि धुरात उतरायच्या असतात. धुराशी शर्यत लावून कोणी जिंकत नाही. त्याला जिन्यात येऊच द्यायचे नाही, हाच मार्ग.

त्यासाठी तो जड दरवाजा असतो. तो साधारण दोन तास आगीसमोर टिकावा असा बनवतात आणि त्याला आपोआप मिटवणारी कळ असते. नव्या उंच इमारतींत जिन्यात पंख्याने हवेचा दाब थोडा जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडले तरी हवा जिन्यातून बाहेर वाहते, धूर आत येत नाही. पण चार मजल्यांवर दरवाजे अडवून ठेवले, तर तो दाब फुटक्या फुग्यासारखा निघून जातो.

दरवाजाची किंमत किती, याचे मी वाचलेले सर्वांत बोलके उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. ९ जानेवारी २०२२ला ब्राँक्समधल्या १९ मजली इमारतीत खालच्या मजल्यावरच्या एका घरात विजेच्या हीटरने आग लागली. आग मुख्यतः त्या घरापुरतीच राहिली. पण घरातली माणसे पळाल्यावर दार आपोआप मिटायला हवे होते, ते मिटले नाही. वरच्या एका मजल्यावर जिन्याचे दारही उघडे राहिले. १७ माणसे मेली, सगळी धुराने, त्यांत आठ मुले होती. त्या बातमीतल्या इमारतीचे नाव बदलले, तर ती आमचीच हकीकत होते. फरक एवढाच, की आमच्याकडची आग रात्री अकराला लागली, लोक जागे होते आणि काकूंना उचलणारे हात वेळेवर आले. ग्रेनफेलच्या चौकशीतही घरांच्या दारांचा आणि त्यांच्या मोडक्या कळांचा मुद्दा निघाला होता.

जिन्यापुरतीच गोष्ट नाही. उतरता येत नसेल तर थांबायला सुरक्षित जागा म्हणून उंच इमारतींत मोकळ्या हवेचा आश्रय मजला ठेवतात. मुंबईच्या नियमांत पहिला २४ मीटरच्या वर आणि त्यानंतर साधारण दर सातव्या मजल्यावर. आमच्याकडे तो आठव्या, पंधराव्या आणि बाविसाव्या मजल्यावर आहे. म्हणजे त्या रात्री आमच्यापासून एकच मजला वर. नंतर पाहिले, तर बाविसाव्यावर गणपतीचे मखर, प्लॅस्टिकच्या पन्नास खुर्च्या आणि कुलूप होते.

मग अशा वेळी करायचे काय? आग आपल्याच घरात असेल तर सगळ्यांनी बाहेर पडायचे, दार ओढून घ्यायचे (कुलूप लावायचे नाही), धोक्याची घंटा वाजवायची, जिन्याने उतरायचे आणि १०१ लावायचा. लिफ्ट वापरायची नाही. ती धुराच्या मजल्यावरच अडकू शकते. आग दुसरीकडे असेल, तर दार उघडण्यापूर्वी हाताची उलटी बाजू दाराला लावून पाहायची. गरम लागले किंवा बाहेर धूर असेल तर आतच थांबायचे, फटी ओल्या कापडाने बुजवायच्या, रस्त्याच्या बाजूच्या खिडकीपाशी जाऊन आपण कुठे आहोत ते फोनवर सांगायचे आणि खुणेने दाखवायचे.

२२ ऑगस्ट २०१८ला परळच्या क्रिस्टल टॉवरच्या आगीत चार जण गेले. तिथे दहा वर्षांच्या एका मुलीने शाळेत शिकलेले आठवून शेजाऱ्यांना ओली सुती फडकी नाकातोंडाशी धरायला लावली. तिला पुढे राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. शिक्षक म्हणून मला या गोष्टीचा फार आनंद वाटतो. मात्र एक नोंद हवी. ओले फडके काजळी आणि जळजळ कमी करते, कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. फडक्याच्या भरवशावर धुरातून जिना उतरायला जाऊ नये.

आतच थांबण्याचा सल्लाही इमारतीच्या पेट्या शाबूत असतील तरच खरा ठरतो. ग्रेनफेलमध्ये लोकांना बराच वेळ घरातच थांबायला सांगितले गेले. बाहेरचे आवरण पेटल्यावर तो सल्ला जिवावर बेतला. म्हणून आपली इमारत कशी आहे, हे आग लागण्यापूर्वी माहीत असावे लागते.

पर्जन्यकुंड

चौलात पूर्वी तीनशे साठ देवळे आणि तीनशे साठ तळी होती, असे म्हणतात. आकडा बाजूला ठेवू, पण पाणी हाताशी होते हे खरे. आमच्या वाडीत विहिरीवर रहाट होता. बैल फिरायचा, मडकी भरून वर यायची, पाटात रिकामी व्हायची आणि सुपारीच्या आळ्यांत पाणी खेळायचे. दहा-बारा हात पाणी वर आणायला एक बैल दमायचा.

आता एकविसाव्या मजल्याचा हिशेब करा. पाणी दहा मीटर वर चढवायला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब लागतो. आपला कुकर शिट्टी देतो तेव्हा आत साधारण तेवढाच जादा दाब असतो. ६३ मीटर उंचीला नुसते पोहोचायला सहाच्या वर किलो, आणि तिथे नळीतून जोराची धार निघायला आणखी साडेतीन. म्हणजे दहा कुकरांचा दाब, तोही रात्री-अपरात्री, क्षणात.

त्यासाठी तळघरात पंप असतात. एक लहान पंप नळात दाब कायम राखतो. कुठे झडप उघडली आणि दाब उतरला की मोठा पंप आपोआप सुरू होतो. आग लागली की वीज तोडतात, म्हणून एक डिझेलचा पंपही असतो. या उभ्या नळाला प्रत्येक मजल्यावर झडप आणि गुंडाळलेली लांब नळी जोडलेली असते. छताला स्प्रिंकलर असतात. सिनेमात एका काडीने सगळ्या इमारतीत पाऊस पडतो, तसे होत नाही. प्रत्येक स्प्रिंकलरच्या तोंडाशी काचेची छोटी कुपी असते. लाल रंगाची कुपी ६८ अंशांना फुटते आणि तिथेच पाणी पडते. आग लहान असतानाच तिच्या डोक्यावर पाणी ओतणारा हा एकमेव शिपाई. घर सजवताना त्यावर रंग मारला, किंवा त्याच्याखाली खोटे छत बसवले, की तो आंधळा होतो.

ही यंत्रणा बसवलेली असते. चालू असते का, हा खरा प्रश्न. आमच्याकडे लहान पंप सारखा सुरू होऊन आवाज करतो म्हणून तो बंद करून ठेवला होता. कुठेतरी झडप गळत होती, म्हणून तो सुरू होत होता. गळती शोधण्याऐवजी पंप बंद केला. डिझेलच्या पंपाची बॅटरी उतरलेली होती. तेराव्या मजल्यावरच्या नळीतून त्या रात्री आधी नुसता फुसका वारा आला. पंप हाताने सुरू करण्यात बारा-पंधरा मिनिटे गेली, आणि तेवढ्यात एका खोलीची आग दुसऱ्या खोलीत गेली.

कायद्यात याची सोय आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा २००८च्या डिसेंबरपासून लागू आहे. यंत्रणा बसवणे आणि ती चालू ठेवणे ही इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे, असे तो सांगतो. म्हणजे गृहनिर्माण संस्थेत तुमची-आमची. दर वर्षी जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून ‘नमुना ब’ प्रमाणपत्र द्यायचे असते. आमच्या फाइलीत ही प्रमाणपत्रे अगदी क्रमाने लावलेली होती. पंप बंद असतानाच्या काळातलीही होती.

कागद खरा की खोटा हे ठरवायला अभियंता लागत नाही. सोसायटीच्या चार सभासदांनी रविवारी सकाळी सर्वांत वरच्या मजल्यावर जाऊन नळी उलगडायची आणि झडप उघडायची. धार आली तर यंत्रणा आहे. नाही आली तर फक्त फाइल आहे.

किंमत कोण देतो

९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीची आग विझवताना इमारत कोसळली. मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गेले. १४ एप्रिल १९४४च्या गोदीतल्या स्फोटात ६६ जवान गेले होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. २२ ऑक्टोबर २०२१ला करी रोडच्या सुमारे साठ मजली इमारतीत एकोणिसाव्या मजल्यावर आग लागली, तेव्हा वरून पडून जो मेला तो तिथला तीस वर्षांचा सुरक्षारक्षक होता. २२ जानेवारी २०२२ला ताडदेवच्या वीस मजली इमारतीत पहिल्याच दिवशी सहा जण गेले.

आपण अडवलेल्या जिन्यातून वर चढायचे असते ते जवानाला, पाठीवर हवेचे नळकांडे आणि खांद्यावर नळी घेऊन. आपण चपलांचे कपाट जिन्यात ठेवतो, तेव्हा त्याची किंमत बहुधा दुसराच कोणी देतो. त्या रात्री आमच्याकडे ती काकूंनी दिली. दरवाजा मी अडवला होता.

आग लागून गेल्यावर अध्यक्षांबरोबर सगळे चोवीस मजले फिरलो. अर्ध्याहून जास्त मजल्यांवर जिन्याचा दरवाजा काही ना काही लावून उघडा ठेवलेला होता. दगड, कुंडी, सायकल, रद्दीचा गठ्ठा. कोणी वाईट हेतूने ठेवले नव्हते. प्रत्येकाला थोडा वारा हवा होता, किंवा घरात जागा नव्हती. शहरात माणसाला इतकी कमी हवा आणि इतकी कमी जागा मिळते, की तो जिन्यातली उचलतो. हे समजून घेतले तरच उपाय टिकतो. नुसता दंड लावला की वस्तू आठवडाभर हलतात आणि परत येतात. आमच्याकडे लिफ्टसमोरची बंद केलेली खिडकी पुन्हा उघडवून घेतली, तिथून वारा येऊ लागला आणि दरवाजे मिटले. बाविसाव्याचे कुलूप निघाले. गणपतीचे मखर आता तळमजल्यावरच्या खोलीत आहे. वर्षातून दोनदा सगळे जिना उतरतो. पहिल्या खेपेला आम्हा दोघांना पंचवीस मिनिटे लागली. आता काकूही पंधराव्या मजल्यापर्यंत येतात आणि तिथे बसतात.

हे सगळे मुंबईचे झाले, चौलला त्याचे काय, असे गावातले मित्र विचारतात. अलिबाग–रेवदंडा रस्त्याला आता वाड्यांच्या जागी इमारती दिसू लागल्या आहेत. शनिवार-रविवारी येणाऱ्यांसाठी लिफ्ट आहे, छान गॅलरी आहे. मोठा बंब मात्र पंधराएक किलोमीटरवरच्या अलिबागकडूनच यायचा, आणि वाडीतून जाणारी बोळवजा वाट त्याला पुरायची नाही. पाचव्या मजल्यावर कळशा घेऊन धावणारी आळी उपयोगाची नाही. मुंबईने चुकत चुकत जे शिकले ते आम्हाला बांधकाम सुरू असतानाच शिकता येईल. बंबाला सहा मीटर मोकळी वाट, मिटणारे दरवाजे, वरपर्यंत चढणारे पाणी. ग्रामसभेत मी हे दोनदा मांडले. दुसऱ्या खेपेला चार जणांनी प्रश्न विचारले, ही प्रगती म्हणायची.

वरवंटा मी परत चौलला आणला. तो आता पाट्यावरच असतो, आणि दिवाळीत ही त्यावर चटणी वाटते.

तुम्ही पाचव्या मजल्यावर राहत असा की पन्नासाव्या, हा लेख वाचून झाल्यावर चप्पल घालून एकदा जिन्यापर्यंत जाऊन या. दरवाजा पूर्ण उघडा आणि हात काढून घ्या. तो स्वतःहून मिटला, तर परत येऊन फराळ करा. नाही मिटला, तर त्याला काय अडवतेय ते खाली वाकून पाहा.